माझ्यात हाड नाही!

मी एक जुना चहाचा कप आहे, आयर्लंडमधल्या बेलीक गावचा. मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून लगेच मला बिचारा समजू नका. मी रागावलेला कप आहे, आणि माझा राग रास्त आहे.

आमचं गाव अर्न नदीकाठी, उत्तर आणि दक्षिण आयर्लंडच्या अगदी सरहद्दीवर. गावाच्या नावाचा अर्थ सपाट खडकाचं तोंड. पांढरी माती पाण्यात कालवून साच्यात ओतली, भट्टीत भाजली, वर मोत्यासारखी झिलई दिली, तेव्हा मी झालो. उजेडात धरलं तर माझ्यातून पलीकडची बोटं दिसतात. आमच्या कारखान्यात तिळाएवढी खोट दिसली तरी कप फोडून टाकतात. मी त्या तपासणीतून पास झालेला आहे, हे लक्षात ठेवा.

नोरा नावाची नर्स आमच्याच गावची. दुबईला नोकरीसाठी येताना तिने आम्हा दोन कपांची जोडी आणली. तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधली साधना तिची मैत्रीण झाली. दुपारच्या सुट्टीत दोघी आमच्यातून आल्याचा चहा प्यायच्या. १९९६ साली नोराचं कंत्राट संपलं. जाताना तिने मला साधनाच्या हातात दिलं. "एक कप तुझ्याकडे, एक माझ्याकडे. परत येईन तेव्हा मला यातूनच चहा दे."

"नक्की. इन्शाल्ला!" साधना म्हणाली.

साधनाचा नवरा शैलेंद्र जबल अली बंदरातल्या गोदामात मॅनेजर. त्याने मला ट्यूबलाइटसमोर धरलं आणि निकाल दिला, "एवढं पातळ म्हणजे बोन चायनाच! हाडांची राख असते यात."

झालं! मुलाकडे राहायला आलेल्या मनोरमाबाई शुद्ध शाकाहारी. "शिव शिव! स्वयंपाकघरात देव आहेत माझे. साधना, आधी तो कप बाहेर काढ."

"आई, नोराला फोन करून विचारते."

"विचारायचं काय त्यात? शैलू खोटं बोलतोय का?"

साधनाने फोन केलाच नाही. माझी रवानगी बाथरूममध्ये झाली, टूथब्रश ठेवायला! अहो, माझ्यात हाडाचा कणही नाही. माझ्या बुडावर गावाचं नाव छापलंय. पाच वर्षांत घरातल्या एकानेही मला उलटं करून वाचलं नाही.

२००१ साली नोरा आली. ती ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे कायमची निघाली होती, वाटेत एकच दुपार दुबईत. साधनाने सकाळीच मला घासून लख्ख केलं, पण ओट्याशी सासूबाई उभ्या होत्या. तिची हिंमत झाली नाही. तिने ब्रश परत माझ्यात ठेवले आणि नोराला काचेच्या मगातून चहा दिला. नोरा हात धुवायला आली, तेव्हा तिला मी दिसलो. बाहेर जाऊन तिने मगातला चहा संपवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साधनाची दहा वर्षांची रुचा मात्र बोलून गेली, "आँटी, युअर कप हॅज बोन्स. वुई आर व्हेजिटेरियन."

नोराने शांतपणे सांगितलं की बेलीकच्या कपात हाड नसतंच. साधनाने ते सासूबाईंना मराठीत सांगितलं.

मनोरमाबाई खजील झाल्या. "अगं बाई! आण तो कप, मी स्वतः चहा टाकते."

पण खाली टॅक्सी हॉर्न देत होती. नोराने साधनाला घट्ट मिठी मारली आणि ती गेली.

आता शैलेंद्रने मला शोकेसमध्ये कुलपात ठेवलंय. पाहुण्यांना ऐटीत सांगतो, "ओरिजिनल आयरिश आहे, हबीबी! हात नाही लावायचा." त्यापेक्षा ब्रश परवडले! निदान रोज कुणाचा हात तरी लागायचा.

मित्रांनो, कुणालाही घराबाहेर काढण्याआधी एकदा नीट विचारा. आणि चूक कळली की त्याला काचेमागे बसवून मान देऊ नका, त्याचं काम त्याला परत द्या.

आणि साधना, तू ऐकतेयस ना? नोरा आता यायची नाही. किल्ली टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. या वेळी कुणाला विचारू नकोस. मला बाहेर काढ आणि तू तरी चहा पी.