घंटा वाजली तेव्हा आम्ही दोघे आत होतो

मित्रांनो, मी म्हातारी आहे, लाकडी आहे आणि खरं सांगायचं तर भित्री आहे. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर छपाईची कार्यशाळा आहे. मी तिथली छपाईची चौकट. लाकडाच्या चार पट्ट्या आणि मध्ये ताणून बसवलेली बारीक जाळी. या जाळीवर एक लेप देतात. उजेड लागला की तो लेप कडक होतो. जिथे सावली पडते तिथे तो मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. मग तेवढ्याच जागेतून शाई खाली उतरते आणि कागदावर चित्र उमटतं.

मला एका सुताराने घडवलं. मी वाकू नये म्हणून त्याने लाकूड चांगलं मुरू दिलं, कोपऱ्यांत खाचा घेऊन सांधे बसवले. पण जाळी ताणताना माझा जीव टांगणीला लागला होता. वाटलं, आता फाटणार. ती भीती पुढे कधी गेलीच नाही. काम संपलं की माझी जाळी औषधाने धुतात आणि आदल्या चित्राचा मागमूसही ठेवत नाहीत. कालपर्यंत आपल्या अंगावर काय होतं हे आज आठवू नये, ही भीती तुम्हाला ठाऊक नसेल. नाटकांच्या जाहिराती, विद्यार्थ्यांच्या निवडणुकीचे फलक, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्यातून गेलं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

कार्यशाळा सांभाळणारे छपाईमास्तर मात्र माझं कौतुक करायचे. "ही माझी म्हातारी अजून तुमच्या त्या यंत्राला भारी आहे," असं ते पोरांना सांगायचे. ते यंत्र म्हणजे खालच्या मजल्यावर आलेलं मोठं छपाईयंत्र. बटण दाबलं की पोस्टर बाहेर. ते आलं आणि मी भिंतीला टेकले ती टेकलेच. अंगावर धूळ बसली. कुणी मोडकं सामान न्यायला आलं की वाटायचं, आता माझीच पाळी.

अशात एका वर्षी वर्गाच्या मॅडमनी मुलांना एक प्रकल्प दिला. "तुम्ही कोण, कुठल्या घरातले, कुठल्या माणसांतले, हे एका पोस्टरमधून सांगा. शब्द वापरायचे नाहीत. आणि छपाई हाताने करायची." झालं! मास्तरांनी फुंकर मारून माझी धूळ उडवली आणि मी पुन्हा टेबलावर आले.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे पवनचक्की म्हणायचे. पहिल्या वर्षी ती बोलताना हात फार हलवायची, म्हणून हे नाव पडलं. थट्टेतलंच होतं, पण तिला ते लागलं असावं. तेव्हापासून ती वर्गात यायची ती हात खिशात घालूनच. उन्हाळा असो की थंडी, हात खिशात. घरच्यांविषयी कुणी विचारलं की ती विषय बदलायची.

तिने प्रकल्पासाठी उगवता सूर्य आणि उडते पक्षी काढले. मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाचंही असू शकतं गं. यात तू कुठे आहेस?"

तिच्या खिशातल्या मुठी तेवढ्या आवळल्या गेल्या. ते कापडावरूनही दिसलं.

पुढच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत कार्यशाळा रिकामी असताना, ती एका माणसाला घेऊन आली. आधी दारातून डोकावून आत कुणी नाही ना हे तिने पाहिलं. माणूस बारीक अंगाचा. शर्टाला कडक इस्त्री. बोटांवर भाजल्याचे जुने डाग. ते तिचे बाबा होते, एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायचे.

दार लावलं आणि तिने खिशातून हात बाहेर काढले. मित्रांनो, मग त्या दोघांच्या ज्या गप्पा सुरू झाल्या! हात, बोटं, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. एवढ्या गप्पा मी त्या खोलीत कधी पाहिल्या नव्हत्या आणि ऐकू मात्र एक शब्दही आला नाही. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग मला उचलून पीठ चाळल्यासारखं केलं. ही कसली चाळणी, असं ते विचारत होते. ती खदखदून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कार्यशाळेच्या आत एक छोटी अंधारी खोली आहे. तिला खिडकी नाही. दार जड, आणि कडी अशी हट्टी की बाहेरून ओढल्याशिवाय दार लागत नाही आणि आतून पटकन उघडत नाही. लेप दिलेल्या चौकटीला उजेड दाखवायचं काम याच खोलीत होतं. तिथल्या मंद लाल उजेडात तिने माझ्यावर लेप दिला आणि तो वाळू दिला. मला टेबलावर आडवं ठेवून तिने वर काच ठेवली. बाबांनी काचेवर दोन्ही तळवे पसरले आणि करंगळीत करंगळी अडकवली. तिने मोठा दिवा लावला. त्यांच्या हातांची सावली माझ्यावर पडली.

मग तिने त्यांच्यासमोर तळहात धरला आणि मान हलवली. हलायचं नाही. मी येईपर्यंत हलायचं नाही. मला धुवायला पाणी हवं होतं आणि वरच्या नळाला पाणी नव्हतं. बादली घेऊन ती खाली गेली. जाताना दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने घंटा वाजली.

ती तास संपल्याची घंटा नव्हती. आगीची होती. शेजारच्या खोलीत कागद वाळवायचा पंखा पेटला होता. जिन्यावर धावपळ झाली, खुर्च्या पडल्या, कुणीतरी रडत गेलं. मला सगळं ऐकू येत होतं. बाबा मात्र आपल्या हातांकडे बघत शांत बसले होते. ओठांवर थोडं हसू होतं.

मग वॉचमन आला. कार्यशाळेच्या बाहेरच्या दारात उभा राहून तो ओरडला, "कोणी आहे का आत? अरे, कोणी आहे का?"

मी इतकी ओरडले म्हणून सांगू! पण लाकडाला कुठला आवाज? मला ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. बाबांना बोलावणं ऐकूच येत नव्हतं. आम्ही दोघे काचेच्या दोन बाजूंना तसेच राहिलो. वॉचमनची पावलं जिन्यावरून खाली गेली.

दाराखालून धूर आत यायला लागला. त्या खोलीला औषधांचा वास नेहमीच असतो, म्हणून बाबांना आधी काही वेगळं वाटलं नसावं. मग ते खोकले. दाराकडे पाहिलं. पुन्हा हातांकडे पाहिलं. आणि हलले नाहीत. लेकीने सांगितलं होतं ना! त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात कुणीतरी खालून वीज तोडली. दिवा गेला.

मित्रांनो, काळोखाची भीती तुम्हालाही वाटत असेल. पण तुम्ही काळोखात हाक मारू शकता, हाक ऐकू शकता. ज्या माणसाचं सगळं ऐकणं डोळ्यांत असतं, त्याच्यासाठी दिवा जाणं म्हणजे जगच बंद होणं. बाबांचे हात माझ्यावरून उचलले गेले. ते टेबल, भिंत, दार चाचपत गेले. कडी हलेना. त्यांनी घशातून एक आवाज काढला. मोठा, वेडावाकडा. तो किती मोठा आहे हे त्यांनाच कळत नव्हतं. ऐकायला मजल्यावर कोणीच नव्हतं.

खाली काय झालं ते मास्तरांनी पुढे अनेकदा सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. बादली टाकून ती जिन्याकडे धावली, तर वॉचमनने तिला अडवलं.

"वर कोणी नाही. मी स्वतः हाका मारून आलोय."

"माझे बाबा आहेत वर! आतल्या खोलीत!"

"मग ओ का नाही दिली त्यांनी?"

सगळा वर्ग तिथे उभा होता. तिने इतके दिवस जे कुणाला कळू दिलं नव्हतं, ते त्या आवारात तिच्या तोंडून बाहेर पडलं. "त्यांना ऐकू येत नाही हो! जन्मापासून येत नाही! माझ्या आईलाही येत नाही!" ती ओरडत होती आणि तिचे हातही तेच ओरडून सांगत होते. कुणी हसलं नाही. वॉचमनचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी आपला पंचा पाण्यात बुडवला, वॉचमनची बॅटरी घेतली आणि म्हणाले, "चल पोरी." वॉचमनही त्यांच्यामागे धावला.

आत आम्हाला आधी जाणवली ती जमीन. तिथली जमीन लाकडी फळ्यांची आहे. ती हादरली. धप. धप. बाहेर कुणीतरी पूर्ण जोर लावून पाय आपटत होतं. बाबा खाली बसले, फळीवर तळहात ठेवला आणि पुढच्याच क्षणी उठून त्यांनी मला टेबलावरून ओढलं. काच खाली पडून फुटली. माझा कोपरा त्यांनी दारावर हाणला. पहिल्या घावाला वाटलं, आता मी मोडणार. नंतर वाटलं, मोडले तरी चालेल, पण तुम्ही थांबू नका. सुताराने जोडलेला सांधा तडकला. कडी बाहेरूनही अडकली होती, पण वॉचमनने खांदा दिला आणि दार उघडलं.

मास्तरांनी बॅटरी बाबांच्या तोंडावर धरली. त्यांचे डोळे दिपले. ते गोंधळून मागे सरकले, भिंतीला चिकटले. तिने मास्तरांच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि काखेत दाबून आपल्याच हातांवर उजेड पाडला. धुरात फक्त दोन हात दिसत होते. ते काहीतरी बोलले आणि बाबा भिंतीपासून सुटले.

"काय सांगितलंस त्यांना?" जिन्यात मास्तरांनी विचारलं.

"म्हटलं, आता हललात तरी चालेल," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाबांनी मला सोडलं नव्हतं. छातीशी धरूनच ते खाली उतरले. खालच्या दारातून बाहेर पडणार तोच मास्तर आडवे झाले. "उन्हात नेऊ नका! ऊन लागलं की सगळं गेलं!" जिन्याखालच्या अंधारात, आग विझवायच्या नळीच्या पाण्याने वॉचमनने मला धुतलं. लेप विरघळत गेला आणि माझ्या जाळीत दोन हात उघडले. करंगळीत करंगळी अडकवलेले. एक कड तेवढी फिसकटली होती, बाबांनी मला धरलं होतं तिथे.

आग पंख्यापुरतीच राहिली. बाबा दोन दिवस खोकत होते, मग बरे झाले. तिने ते हात काळ्या शाईत छापले. फिसकटलेली कड तशीच ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी मला पोस्टरखाली टेकवून ती खांबाआड उभी होती. आगीपेक्षा तिला त्या दिवसाची जास्त भीती वाटत असावी. बाहेरून आलेले परीक्षक पोस्टरपाशी थांबले.

"ही कसली खूण?"

"माझं नाव आहे," ती हळूच म्हणाली. "घरात मला अशीच हाक मारतात. लहानपणी मी बाबांची करंगळी सोडायचे नाही, म्हणून."

तेवढ्यात तिची आई आली. दालन माणसांनी भरलेलं. दाराशीच थांबून आईने दोन्ही हात उंच केले आणि करंगळीत करंगळी अडकवली. सगळे बघत होते. तिने खिशातून हात काढले आणि सगळ्यांसमोर आईला ओ दिली.

मित्रांनो, आता मी पुन्हा भिंतीला टेकून आहे. माझा कोपरा तडकलेला आहे, जाळी सैल पडली आहे. ते हात अजून माझ्यात आहेत आणि औषधाची बाटली उघडल्याचा आवाज आला की मी अजूनही शहारते. जुन्या वस्तूंना असं घाबरत ठेवू नका. त्यांना पुसा, सांभाळा, कधीतरी हातात घ्या. आणि माणसांच्या बाबतीत एवढंच मागते. हाक मारलीत आणि आतून ओ आली नाही, म्हणून आत कोणी नाही असं धरून पाठ फिरवू नका. दार ढकलून बघा.