दहा मण्यांची चार मिनिटं

मी उभी असले की फ्लोराला माझ्याकडे कुणी देत नाही. आधी बसायचं, पाठीशी उशी घ्यायची, मग मांडीवर ते ऊबदार ओझं. ती चार महिन्यांची असताना माझा डावा पाय अचानक माझा उरला नाही आणि तिच्यासकट मी उंबऱ्यात कोसळले. तिला खरचटलंही नाही. पण माझ्या सासूनं, जेसिंतामांयनं, तेव्हा तिला काखेत घेतली ती घेतलीच.

निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. कुडाळच्या फिजिओथेरपिस्ट शर्मिष्ठाताई म्हणाल्या, "नुसतं जपून बसलीस तर आहे ती ताकदही जाईल." व्यायाम चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. जोरात म्हणजे तोंडातून शब्द फुटता कामा नये. आठ आठवड्यांनी चाचणी. पाय भरवशाचा वाटला, तर लेकीला उचलून चालायची परवानगी.

माझा नवरा सॅविओ बोटीवर नोकरीला. त्यानं तिथूनच सांगून व्हरांड्यात जागच्या जागी चालणारी सायकल आणवली. समोर लोखंडी जाळी, जाळीपलीकडे तारकर्लीचा रस्ता.

अंग तापलं की माझी नजर धुरकटते, गार झालं की निवळते. घड्याळ दिसत नाही, मोबाइलच्या गजरानं फ्लोरा दचकून रडते. म्हणून वेळ मांय मोजते.

"तुझ्या मोबायलातला माका कळणा नाय," ती म्हणाली. "तेर्साचे धा मणी म्हणतंय." पहिल्या दिवशी आम्ही पडताळून पाहिलं. संध्याकाळच्या तेर्साच्या प्रार्थनेत म्हणते त्या चालीनं जपमाळेवरचे दहा 'नमान मरिये' म्हणजे जवळजवळ चार मिनिटं.

आठ आठवडे झाले. पाय होता तसाच.

"वेनेसा, चार मिनिटं पुरी करतेस ना? खरं सांग," शर्मिष्ठाताईंनी विचारलं. "मांय मोजते," मी म्हणाले. "बरं, व्हिडिओ काढून पाठव."

पाठवण्याआधी मी तो ऐकला. पहिले तीन मणी सावकाश. मग माझा श्वास घरघरू लागला आणि मांयचे शब्द एकमेकांवर चढत सुटले. दहा मणी, दोन मिनिटं पाच सेकंद.

"मांय, तू पळतेस."

"मी खंय पळतंय? सायकलीर तू आसस."

मी तिला व्हिडिओ ऐकवला. ती फ्लोराच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली. बांधलेली सोडून पुन्हा बांधली.

"मुद्दाम नाय गो. तुझो दम ऐकलो काय तोंड आपसूक धावता."

"अशानं ही तुझ्याच काखेत मोठी होईल."

"होऊंदे. माजी काख बळकट आसा."

फ्लोराला काखेत घेऊन तिनंच माळ हातात घेतली. "चल, चढ."

सहाव्या मण्याला तिचा सूर निसटून पुन्हा पळू लागला. हळू, असं म्हणायचं होतं, पण शब्द फुटेना. रस्ता, जाळी, तिच्या काखेतली फ्लोरा, सगळं धुक्यात गेलं होतं. मी हँडलवर तळहात आपटला. पुन्हा आपटला. पाय मात्र थांबवले नाहीत.

ती थांबली. मग रडवेल्या आवाजात तोच मणी पहिल्या शब्दापासून, सावकाश म्हणू लागली.