तेलाचा माग

सिस्टरांची गाडी सव्वीस वर्षांची. ती पहिल्यांदा गॅरेजात आली तेव्हा मिस्त्रीच्या मिशा काळ्या होत्या. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला त्या एकट्याच जायच्या. रुग्णवाहिका तो चढ चढत नव्हती आणि दुसरं कुणी जायला राजी नव्हतं.

"ऑइल गळतंय, मिस्त्री," सोमवारी सकाळी त्या म्हणाल्या. "आठवड्याला लिटरभर पिते. आमचे हे हयात असताना सुद्धा एवढं पीत नव्हते."

मिस्त्री हसला आणि गाडीखाली सरकला. सगळं खालून काळंकुट्ट. नवशिक्यानं लगेच खालच्या टाकीचं पॅकिंग बदललं असतं. पण तेल दिसतं खाली आणि सुटतं वरून, शिवाय गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो, हे मिस्त्रीला पाठ होतं. तो वर आला. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग वाळून चामड्यासारखं कडक झालं होतं. त्यानं नवं बसवलं आणि गाडी देऊन टाकली.

गुरुवारी सिस्टर परत आल्या. तेल मोजायची पट्टी जवळजवळ कोरडी.

आता मिस्त्रीनं नीट बैठक मारली. अख्खं इंजिन रॉकेलनं, ब्रशनं घासून धुतलं, हवा मारून सुकवलं आणि घरून टाल्कम पावडरचा डबा मागवला. डबा घेऊन बायकोच आली. त्यानं पावडर इंजिनावर भुरभुरली. पांढरंफेक इंजिन बघून ती म्हणाली, "आता वेणीफणीही करून द्या तिची."

त्यानं गाडी चालू केली आणि स्टुलावर बसून राहिला. दहा मिनिटं काहीच नाही. इंजिन चांगलं तापल्यावर मागच्या बाजूला, हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ठोकळ्यावर, ऑइलच्या प्रेशर स्विचच्या बुडाशी पावडर ओली झाली. केसाएवढी एक काळी रेघ. त्यानं टॉर्च आणि छोटा आरसा धरून पाहिलं. तेल स्विचच्या आट्यांतून येत नव्हतं. शेजारच्या धातूला चीर गेली होती, नखभर लांब.

तो स्विच त्यानंच बसवला होता, पाच महिन्यांपूर्वी.

या स्विचचे आटे निमुळते असतात. एका मर्यादेनंतर पाना फिरवत राहिलं तर तो पाचरीसारखा घुसतो आणि अॅल्युमिनियम फाटतं. कुठं थांबायचं ते पुस्तकात बघावं लागत नाही, हाताला कळतं. त्या दिवशी हाताला कळलं नव्हतं. अजून सैल वाटतंय म्हणून त्यानं आणखी अर्धा फेरा दिला होता, हे त्याला आता लख्ख आठवलं. आणि इतके दिवस बाजूला सारलेलं दुसरंही आठवलं. वर्षभर बोटांवर जणू कुणी मोजे चढवले होते. सदऱ्याची बटणं बायको लावायची, तिला तो "घाईत आहे" म्हणून सांगायचा. हातातून स्क्रू पडला की पडल्याचं आवाजावरून कळायचं.

गाडी बंद करून तो बराच वेळ बोटांकडे बघत बसला. दिसायला तशीच होती. जाड, काळी, नखांत ग्रीस.

मग त्यानं हात-पाय हलवले. चीर घासून साफ केली, धातूचा लेप भरला, एक पूर्ण दिवस सुकू दिला. गार असताना एक थेंब आला नाही. तापल्यावर लेपाच्या कडेनं तेल पाझरलं. त्यानं वेल्डरला बोलावलं. वेल्डरनं चष्मा कपाळावर सारून पाहिलं आणि मान हलवली. "तेल प्यायलेलं अॅल्युमिनियम हे. जोड धरणार नाही. धरला तर हेड वाकेल." मिस्त्रीनं ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन केले. त्या मॉडेलचं हेड कुणाकडेच उरलं नव्हतं. एकानं विचारलं, "ती गाडी अजून चालते?"

पुढच्या सोमवारी सिस्टर आल्या तेव्हा त्यानं आधी चीर दाखवली, मग म्हणाला, "ही माझ्या हातून झाली. स्विच जास्त आवळला."

"तुमच्या हातून?"

"कळलं नाही मला. बोटांना कळत नाही हल्ली."

सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली. "साखर किती वर्षं आहे?"

"दहा-बारा."

"डोळे मिटा. हात पुढे करा."

त्यांनी पिशवीतून एक सुई काढली. "टोचलं की सांगा," म्हणाल्या. मिस्त्री डोळे मिटून उभा राहिला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. तो टोचायची वाट बघत होता.

"सुरू करा की," तो म्हणाला.

"आठ बोटं झाली, मिस्त्री."

त्यानं डोळे उघडले. दोन बोटांवर रक्ताचा बारीक ठिपका होता. सिस्टरांनी ते कापसानं पुसले.

"यावर औषध?"

"वाढू नये म्हणून आहे. गेलेलं परत यायचं नाही."

"रागवा तरी."

"रागावलेच आहे. गाडीवरून नाही. वर्षभर लपवून ठेवलंत त्यावरून." मग म्हणाल्या, "अशीच तेल घालत चालवली तर?"

"चढावर तेलाचं प्रेशर उतरलं तर इंजिन जागीच जाम होईल. गाडीत बाळंतीण असली तर काय कराल?"

सिस्टर गाडीपाशी गेल्या. गाडीच्या कप्प्यातून कागद, टॉर्च आणि एक जुनी चादर काढून त्यांनी पिशवीत भरली आणि किल्ली बाकावर ठेवली.

दवाखान्यानं दुसरी गाडी दिली नाही. वस्त्यांवर निरोप गेला, की नववा महिना लागला की खाली येऊन राहा. ज्यांचं खाली कुणी होतं त्या येऊन राहिल्या. बाकीच्यांचं काय झालं ते मिस्त्रीला तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. तो मुद्दाम विचारत नसे.

भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला, त्यानंतर दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक प्लग बदलायला आलं. मिस्त्रीनं पाना उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला.

"पुढच्या चौकात एकजण आहे," तो म्हणाला, "त्याच्याकडे न्या. हात चांगला आहे त्याचा."

गिऱ्हाईक गेलं. बायको जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो स्टुलावरच बसला होता. त्यानं तिच्यापुढे अंगातला सदरा धरला. वरची दोन बटणं सकाळपासून उघडी होती. तिनं काही न विचारता ती लावली.