जादा दोन तारा

त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. एरवी अख्खं ऑफिस त्याला ‘जादा’ म्हणायचं. आता तुम्हीच सांगा, पाच मिनिटांच्या रस्त्यासाठी जो रेनकोट घालून वर छत्री धरतो आणि पिशवीत आणखी एक छत्री ठेवतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? दोष त्याचा एकट्याचा नव्हता म्हणा. आई रोज डब्यात चौघांचं जेवण भरायची आणि वर म्हणायची, “असू दे रे, ओझं थोडंच होतंय!”

अशा माणसाकडे बाईंनी तुळई सोपवली. बाई म्हणजे आमच्या पूल बांधणाऱ्या ऑफिसातल्या मुख्य डिझायनर. बोलायच्या कमी, पण बोलल्या की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

“चार मीटरची तुळई, ताणलेल्या तारांची. हिशोब तुझा, नकाशा तुझा. यार्डात ओतून बघू. जमली तर तू डिझाइनमध्ये कायम. नाही जमली तर परत नकाशे गिरवायला.”

नकाशे गिरवण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. परत तिथे जायचं त्याला मुळीच नव्हतं.

काम ऐकायला सोपं आहे. तारा आधी खेचून ताणून धरायच्या, मग साच्यात त्यांच्याभोवती काँक्रीट ओतायचं. ते घट्ट झालं की तारा कापायच्या. तारा तळाशी असतात; सुटल्या की त्या आखडायला बघतात आणि तुळईला खालच्या अंगाने करकचून आवळतात. त्यामुळे ती मधोमध जराशी वर उचलली जाते. पुढे वजन आलं की बसते सरळ. जादाने हिशोब चार वेळा तपासला. चारही वेळा उत्तर आलं, सहा तारा.

पण नकाशा काढताना त्याचा हात अडखळला. सहाच? उद्या कुणी जास्त वजन ठेवलं तर? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच आणखी दोन तारा वाढवल्या. असू दे! तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. बाईंनी नकाशा पाहिला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली.

तारा कापायच्या दिवशी यार्डाचा मुकादम गॅस कटर घेऊन बसला. एकेक तार तुटत गेली, तशी तुळईची पाठ वर उचलली जाऊ लागली. जादा खूश झाला. पण ती थांबेचना! सहा मिलिमीटर उचलायची ती चौदा उचलली आणि वरच्या अंगावर केसासारख्या तीन चिरा पडल्या.

“हिशोबात किती आल्या होत्या?” बाईंनी विचारलं.

“सहा.”

“आत किती आहेत?”

“आठ.”

“मग दोन कुणासाठी?”

“मला वाटलं, जास्त घातल्या तर जास्त मजबूत…”

“अरे, वर वजन काहीच नाही आणि खालून तू एवढं आवळतोस! तुळई वरून फाटणार नाही तर काय करणार?”

“बाई, तुम्हाला नकाशात दिसलं होतं?”

“न दिसायला काय झालं? पण तोंडाने सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस, आणि खऱ्या पुलात दोन घातल्या असत्यास. आता दुसरी कर. शेवटची संधी.”

दुसऱ्या नकाशावर सही करताना बाईंनी पेन मध्येच थांबवलं. “दोन वाढवायच्या का? असू दे की!”

‘हो’ अगदी जादाच्या ओठांवर आलं होतं. त्याने दोन्ही हात खिशात घातले. “नको बाई. सहाच.”

पंधरा दिवसांनी तारा कापल्या. मुकादमाने पट्टी लावली. सहा मिलिमीटर, वर एकही चीर नाही. बाई म्हणाल्या, “सोमवारपासून तुझं टेबल खिडकीपाशी,” आणि जादाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मुकादमाने फाटलेली तुळई झाडाखाली नेऊन दोन ठोकळ्यांवर ठेवली. तिथे फसलेल्या तुळयांचे तसले आणखी दोन बाक होते. “जागा मी केव्हाच साफ करून ठेवली होती,” तो म्हणाला. “आठ तारा ताणल्या तेव्हाच!”

त्यातला एक बाक तर इतका फुगलेला, की बसणारा घसरून कडेला जायचा.

“हा कुणाचा?” जादाने विचारलं.

मुकादमाने हनुवटीनेच दाखवलं. बाई त्याच बाकावर पाय रोवून बसल्या होत्या.

“दहा तारा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “माझी आईसुद्धा तुझ्या आईसारखीच होती. डबा आणलायस ना?”

“आणलाय. चौघांचा आहे. मी आईला सांगतो आजपासून…”

“काही सांगू नकोस,” बाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि मुकादमाला हाक मारली. “तुळईत नको. डब्यात असू दे.”