बांधावरून पवनचक्की

बांध कोरायची कला शिकावी ती त्या दोन भावांकडून. दरवर्षी नांगरताना थोरला इकडून नांगराची एक ओळ पुढे सरकायचा, धाकटा तिकडून. ज्या बांधावरून पूर्वी बैलगाडी जायची, त्यावरून पुढे शेळीही जपून चालू लागली. त्यातच हद्दीचा दगड गायब झाला. धाकट्याने चारचौघांत थोरल्यावर आळ घेतला आणि थोरला तो आळ डोक्यावर घेऊनच जगातून गेला.

आता माळावर, थोरल्याच्या बायकोच्या जमिनीत, पवनचक्की येणार होती. पण तिची लांबलचक पाती आणणारी गाडी जायची म्हणजे वाट एकच, तो बांध.

"दोघांनी थोडं थोडं सोडा," इंजिनियर दीर-भावजयीला सांगून गेला. "उद्या पाहणी आहे. जागा मोकळी दिसली तर चक्की इथे, नाहीतर पलीकडच्या टेकडीवर."

"मी वीतभर सोडणार नाही," धाकट्या दिराने जाहीर केलं.

 चक्की पलीकडे गेली की तिचं भाडंही गेलं, मग जमीन विकायची आणि मुलाच्या घरात कॉटखाली आपली पिशवी सरकवून दिवस काढायचे, हे वहिनीला लख्ख दिसत होतं. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं. तिने कंबर कसली आणि आपल्या बाजूची वांगी उपटायला घेतली.

दीर हाताची घडी घालून बघत होता. "वहिनी, सगळी रुंदी तुमच्याच रानातून देणार?"

"मग काय तुमच्या तोंडाकडे बघत बसू?"

"वांगी भरात आहेत हो."

"डोळे आहेत मला, भाऊजी."

दुपार कलेपर्यंत तिचे तळहात सोलवटले होते. पुढे विहीर आडवी आली. दोघा भावांनी, भांडणं सुरू व्हायच्या आधी, मिळून खोदलेली. ती बुजवल्याशिवाय रस्ता सरळ जात नव्हता. तिने कठड्याचा पहिला दगड उचकटला.

"थांबा!" दीर ओरडला. त्याने कुदळ उचलली आणि इकडेतिकडे न बघता स्वतःच्या शेतात, पार आतल्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन घाव घातला. दुसऱ्या घावाला ठण्ण आवाज आला.

गायब झालेला हद्दीचा दगड.

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला दगड त्याच्या टाळक्यात घालावा असं तिला वाटलं, आणि क्षणभर तिने तो उगारलाही.

"हे गेले तेव्हाही तुम्हाला जागा माहीत होती?"

"होती." त्याची मान वर होईना.

तिने दगड परत कठड्यावर ठेवला. नीट, होता तिथेच.

"उद्या पाहणीला सगळा गाव जमेल. चारचौघांत आळ घेतला होतात, चारचौघांतच सांगायचं, दगड कुणी पुरला ते."

"सांगतो."

"मग उभे काय राहिलात? मारा कुदळ तुमच्या बाजूने. उजेड आहे तोवर माळापर्यंत पोचायचंय."