वर्तणुकीचा रकाना

अकोटच्या शाळेच्या कचेरीत दाखला वाचता वाचता ललिताचं तोंड उतरलं, तेव्हाच सुंदराबाईनं ओळखलं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

"काय लिवलं?"

"वर्तणूक, अनाचारी," ललिता पुटपुटली.

सुंदराबाईची ही पोरगी मॅट्रिक झालेली, अख्ख्या वस्तीत पहिली. उद्या सकाळी अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगची मुलाखत, त्यासाठी आज अकोटहून तीनची एस.टी. गाठायची, आणि हेडमास्तर मोरोपंतांनी ऐन वेळी हे करून ठेवलं. असला शब्द गावात कोणत्या बाईला लावतात, ते कळायला शाळा शिकावी लागत नाही.

गुन्हा काय, तर एका दुपारी शिपाई जागेवर नव्हता म्हणून पोरीनं शाळेच्या माठातलं पाणी आपल्या हातानं घेतलं. हिच्या वस्तीतल्या पोरांनी ओंजळ धरायची आणि शिपायानं वरून ओतायचं, असा तिथला रिवाज. बुद्धाचा धम्म घेऊन अडीच वर्षं झाली, तरी यांचा माठ बाटायचा काही थांबला नव्हता.

"गुरुजी, हे कावून लिवलं?" सुंदराबाईनं विचारलं.

मोरोपंतांनी चष्मा पुसला. "अनाचार म्हणजे आचार सोडून वागणं. कोशात बघा हवं तर."

"कोश कोन पायते जी? अमरावतीच्या बाई हे वाचतीन अन् म्हनतीन, पोरगी वाया गेली." तिनं दाखला त्यांच्यापुढं सरकवला. "थो शब्द खोडा. तिनं केलं तेच लिवा. माठातलं पानी हातानं घेऊन पेली, असं लिवा. खाली सही करा, शिक्का मारा."

मोरोपंतांचा टाक हवेतच राहिला. शिवाशिवीवर कायदा होऊन चार वर्षं झाली होती. असलं लिहून सही करायची म्हणजे आपल्याच हातानं फौजदारी ओढवून घ्यायची. घड्याळ अडीचच्या पुढे गेलं. सुंदराबाई टेबलासमोरून तसूभर हलली नाही.

शेवटी मोरोपंतांनी दाखला फाडला, नवा भरला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'चांगली'.

ललितानं वाचून दाखवलं. सुंदराबाईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग कागद पिशवीत ठेवला.

"आता तरी कळलं का हिला, कसं वागावं ते?" मोरोपंत करवादले.

"कळलं ना जी," सुंदराबाई म्हणाली. "माठातलं पानी हातानं घेतलं, तर त्याले चांगली वर्तनूक म्हनतात. तुमीच लिवलं."