थोरलीची बरणी

थोरलीला कुठं न्यायचं झालं की बायकोचे दोन नियम असत. बरणी कायम मांडीवर घ्यायची, आणि झाकण कधी गच्च लावायचं नाही. एकतीस वर्षांत पाववाल्या काकांनी हे नियम एकदाही मोडले नव्हते. म्हणून विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीनं सामानात काय काय टाकायचं ते विचारलं तेव्हा काकांनी मोठी बॅग पट्ट्यावर चढवली आणि कापडी पिशवी पोटाशी धरून ठेवली. बॅग आत गेली, पिशवी हातात राहिली. चूक झाली ती इथंच. पण ती कळायला अजून दोन तास होते.

थोरली म्हणजे पावाचं आंबवण. काचेच्या बरणीत पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. रोज त्यातलं थोडं कणकेत घालायचं आणि उरलेल्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं, की ते पुन्हा फुगून वर येतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोनं ते घातलं आणि त्याच्यावरच दोघांची बेकरी उभी राहिली. पुढं चार वर्षांनी मुलगी झाली. तोवर घरात बरणीचा मान ठरून गेला होता, म्हणून बायको बरणीला थोरली म्हणायची आणि मुलीला धाकटी. "थोरलीला जेवू घातलं का?" हा रोज संध्याकाळचा प्रश्न. त्यावरून धाकटी रुसायची, आधी मला वाढ म्हणायची. पण शाळेत 'माझे कुटुंब' लिहायला सांगितलं तेव्हा तिनं घरात चार माणसं आहेत असं लिहिलं, आणि बाईंनी खाडाखोड केल्यावर भांडून आली.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. धाकटी तेव्हा परदेशात होती. तिचे कागद तिथल्या कचेरीत अडकलेले, एकदा बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. आईचं शेवटचं तोंड तिनं फोनवर पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, थोरलीला मरू देऊ नका. मला आणून द्या."

काकांनी महिनाभर भट्टी चालवून पाहिली. भट्टी हे एकट्या माणसाचं काम नाही. पाव बाहेर काढायला एक आणि पोळलेल्या हाताला शिव्या द्यायला दुसरं, अशी दोन माणसं लागतात. शेवटी दुकान दुसऱ्यांच्या हवाली केलं, घर आवरलं आणि कायमचं मुलीकडं जायचं ठरवलं. आठ महिन्यांत स्वतः कितीदा उपाशी झोपले असतील, पण थोरलीचं जेवण एकदाही चुकलं नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी तिला.

निघण्याआधी त्यांनी दोन कामं केली. पहाटे थोरलीला पोटभर जेवू घातलं, कारण प्रवास लांबचा होता. आणि आदल्या दिवशी बरणीच्या तोंडाला बांधायचं कापड धुतलं. या कापडावरून नवराबायकोची एकतीस वर्षं तक्रार होती. बायको ते कधीच धूत नसे. ओघळलेलं पीठ त्यावर वाळून वाळून ते पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. काका म्हणायचे, गिऱ्हाईक बघेल तर पाव घेणार नाही. ती म्हणायची, "असू दे. माझं हातचं राखलेलं आहे ते." काकांना वाटायचं, आळशाला बोलायला काय. आता मुलीनं म्हणू नये की आईमागं बाबांनी नीट ठेवलं नाही, म्हणून त्यांनी ते साबणानं घासलं, उकळत्या पाण्यात घातलं आणि इस्त्री करून बरणीला बांधलं.

तपासणीच्या रांगेला चार वळसे पडले होते. त्याच आठवड्यात नियम कडक केले होते आणि जिकडंतिकडं नवे फलक लावले होते: बूट काढा, पट्टे काढा, पातळ वस्तू वेगळ्या ठेवा. काकांच्या पुढं एक फिरता विक्रेता होता. दर आठवड्याला विमानानं जाणारा, आणि दर आठवड्याला वैतागणारा. त्याचं म्हणणं, हे सगळं चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्याला काही करायचंय तो काय फलक वाचून येणार आहे? उद्या कवळीसुद्धा ट्रेमध्ये काढून ठेवायला लावतील.

काकांच्या मागं एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची विणकामाची कात्री आत शिरताना दारावरच काढून घेतली होती, तरी त्या तपासणाऱ्यांच्या बाजूनं होत्या. कवळी मी आनंदानं काढीन, म्हणाल्या, तुमच्या जिभेपेक्षा तिचा धोका कमी आहे. आजूबाजूचे हसले, विक्रेताही हसला. मग बाईंनी सांगितलं की त्यांचा भाऊ विमान चालवायचा, आणि तो घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत आईला घास गिळवत नसे. गव्हाबरोबर किडे रगडले जातात हे खरं, पण गहू कोण आणि किडा कोण, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळावं?

दोघांनी काकांना पंच केलं. काका आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. नाकासमोर चालणारा माणूस. ते म्हणाले, आमच्या भट्टीतही बूट काढल्याशिवाय कुणाला आत घेत नसू, नियम असावेत. बाईंनी विक्रेत्याकडं असं पाहिलं जणू वर्गातल्या हुशार मुलानं उत्तर दिलं.

पिशवी यंत्रात गेली आणि आतच थांबली. मागं आली, परत आत गेली. मग हातमोजे घातलेल्या तपासनीस बाईंनी ती बाजूच्या टेबलावर घेतली आणि कोणाची म्हणून विचारलं. काका बूट हातात घेऊन पुढं झाले.

पहाटेचं जेवण आणि दोन तासांची ऊब, थोरली आता भरात आली होती. झाकण वर उचलून कापडाखालून बाहेर आली होती आणि बरणीच्या अंगावरून हळूहळू उतरत होती. तपासनीस बाई एक पाऊल मागं सरकल्या आणि त्यांनी साहेबांना हाक मारली. काका सांगत राहिले की घाबरायचं कारण नाही, जेवलीय म्हणून फुगलीय. जेवलीय म्हटल्यावर साहेबांनी त्यांच्याकडं दोनदा पाहिलं.

पुढचं सगळं शांतपणे झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी अपमान केला नाही. आंबवण म्हणजे काय ते तपासनीस बाईंना समजलं, त्यांच्या घरीही पाव खातात. पण पातळ वस्तू शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही, आणि बरणी अर्ध्या लिटरची. काकांनी विचारलं, शंभरच नेतो, बाकीचं काढून टाका. तर म्हणाल्या, भांडंच शंभराचं लागतं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्समधून गोळ्यांची डबी काढून गोळ्या रुमालात ओतल्या आणि रिकामी डबी टेबलावर ठेवली. तपासनीस बाईंनी मान हलवली. अडवलेली वस्तू इथं दुसऱ्या डब्यात भरता येत नाही, हाही याच आठवड्यातला नियम. विक्रेता वाद घालायला पुढं आला, त्याला साहेबांनी त्याच्या बुटांकडं परत पाठवलं. बाहेर कोणी असेल तर त्यांच्याकडं देऊन या, असा एक मार्ग होता. काकांना बाहेर कोणी नव्हतं. मोठी बॅग केव्हाच गेली होती, विमानाचं दार चाळीस मिनिटांत बंद होणार होतं, आणि रांगेला अजून चार वळसे होते.

तेव्हा काकांना कापड आठवलं.

त्यांनी गाठ सोडली आणि ते हातात घेतलं. वाळलेलं आंबवण मरत नाही, झोपतं. हे त्यांना बेकरीवाला म्हणून कधीपासून ठाऊक होतं. पुठ्ठ्यासारखं झालेलं ते कापड घडी करून खिशात घातलं असतं तर जगातल्या कुठल्या यंत्रानं अडवलं नसतं. कोमट पाण्यात भिजवलं, पीठ घातलं, की दोन दिवसांत थोरली उभी राहिली असती. हातचं राखलेलं. एकतीस वर्षं ती सांगत होती आणि एकतीस वर्षं ते आळस समजत होते. हातातलं कापड पांढरंशुभ्र होतं. त्याला साबणाचा वास येत होता, आणि कडेला ओघळलेलं थोडंसं ओलं पीठ लागलं होतं तेही तपासनीस बाईंनी कागदानं पुसून घेतलं होतं.

मग बाईंनी विचारलं, मी टाकू की तुम्ही टाकता? काका म्हणाले, "मीच टाकतो."

कचऱ्याच्या पिंपापाशी गेल्यावर त्यांनी कापड खिशात घातलं, झाकण काढलं आणि उजवा हात मनगटापर्यंत बरणीत घातला. रोज पहाटे बायको घालायची तसा. हात बाहेर काढून दुसऱ्या हातावर चोळला, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली, अगदी पातळ. मग बरणी पिंपात सोडली.

तपासनीस बाई पाहत होत्या. हात पुसायला कागद हवा का, म्हणाल्या. काकांनी नको म्हटलं. नियमाप्रमाणं त्यांना काय करायला हवं होतं देव जाणे. त्यांनी एक लहानशी पट्टी घेऊन काकांच्या तळव्यावरून फिरवली, ती स्फोटकं शोधणाऱ्या दुसऱ्या एका यंत्रात घातली आणि दिव्याकडं बघत थांबल्या. दिवा हिरवा झाला.

"यात काही निघालं नाही," त्या म्हणाल्या. "जा, काका."

विमानात काका नऊ तास तळहात वर करून बसले. पीठ वाळत गेलं तशी कातडी आवळत गेली. ऊन ऊन रुमाल आला, तो त्यांनी घेतला नाही. जेवण आलं, ते परत पाठवलं. मुख्याध्यापिकाबाई पलीकडच्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी दोन वेळा काकांच्या तोंडाला पाणी लावलं, तेही काका बेतानंच प्यायले, कारण पाण्यानंतरचं काम हात न वापरता होत नाही. एकदा बाई म्हणाल्या की आपण रांगेत फार बोललो. काका म्हणाले, तुम्ही बरोबरच बोललात.

धाकटी बाहेर उभी होती. ती धावत येऊन बिलगली, पण बाबांनी हात लांबच ठेवले. तिनं आधी बाबांकडं पाहिलं, मग त्यांच्या आजूबाजूला पिशवी शोधली.

"थोरली एवढीच राहिली," काका म्हणाले आणि तळहात पुढं केले.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसली. धाकटीनं वाडग्यावर बाबांचे हात धरले आणि बोथट सुरीच्या पाठीनं खरवडू लागली. नखांखालचं काडीनं काढलं. सगळं मिळून अर्धा चमचा करडा भुगा निघाला. डावा हात संपवून उजवा घेतला तेव्हा ती थांबली. "आईचे हात असेच असायचे," म्हणाली, आणि आठ महिन्यांचं रडणं तिला तिथं आलं. काका तिचे डोळे पुसू शकत नव्हते. हात अजून अर्धाच झाला होता.

भुग्यात कोमट पाणी आणि पीठ घालून नवी बरणी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी वर आलं आणि उग्र वास सुटला. काका रोज वेळेवर जेवू घालत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी बुडबुडे दिसले.

आता, नुसतं पीठ आणि पाणी पाच दिवस उबेला ठेवलं तरी बुडबुडे येतात. नवं आंबवण असंच तर होतं. जुनं असतं तर दुसऱ्याच दिवशी उठलं असतं. हे काकांना माहीत होतं. धाकटी बेकरीतच वाढलेली, तिलाही माहीत होतं.

तिनं बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली. "आली बघा, बाबा."

काकांनी नाक जवळ नेलं. थोरलीला पिकल्या सफरचंदाच्या सालीचा वास असे. याला कच्च्या दुधाचा होता.

"हो," ते म्हणाले. "तीच आहे."

धाकटीनं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मग मान खाली घालून बरणीच्या तोंडाला ते पांढरं कापड बांधायला घेतलं. बांधताना कडेचं पीठ कापडाला लागलं. ती फडकं घ्यायला उठली, तसा काकांनी तिचा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "हे कापड धुवायचं नाही."